'हजार युजर चालतात' म्हणजे नेमकं काय? परफॉर्मन्स टेस्टिंगमधलं ज्ञान नीट कसं मांडायचं



"तुझी पीएच.डी. नेमकी कशात आहे गं?" हा प्रश्न मला नातेवाईकांच्या लग्नात विचारतात, हॉस्टेलच्या मेसमध्ये विचारतात आणि आरआरसीसमोरही विचारला गेलाय. लग्नात "कम्प्युटरमध्ये" एवढं सांगून सुटता येतं. आरआरसीसमोर तसं सुटता येत नाही. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलाय, म्हणून आज माझा विषय जरा सविस्तर सांगते. विषय आहे सॉफ्टवेअरच्या परफॉर्मन्स टेस्टिंगमधलं ज्ञान आणि त्याची प्रक्रिया व्यवस्थित मांडणं. तुमचा विषय वेगळा असला तरी शेवटपर्यंत वाचा. माझी जी चूक मी खाली सांगणार आहे, ती कुठल्याही प्रयोगात होऊ शकते.

एका ओळीचा रिपोर्ट

पीएच.डी.ला येण्याआधी मी दोन वर्षं एका कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. आमच्याकडे एका प्रवेशप्रक्रियेच्या वेबसाइटचं काम होतं. गुणवत्ता यादी लागायच्या आठवडाभर आधी मॅनेजरने विचारलं, "साइट किती लोड घेईल?" जुन्या फोल्डरमध्ये एक पीडीएफ होती. त्यात लिहिलं होतं: "१००० युजर, सरासरी रिस्पॉन्स टाइम २ सेकंद, पास." ज्या सिनियरने ती टेस्ट केली होती तो नोकरी सोडून गेला होता. वेळ कमी होता. आम्ही त्या ओळीवर विश्वास ठेवला.

यादी लागली आणि दहा मिनिटांत साइट बसली. त्या वेळी एकदम हजारच्या आसपास लोक होते, म्हणजे रिपोर्टप्रमाणे चालायला हवी होती. दिवसभर मुलांचे आणि पालकांचे फोन येत होते. एक जण सायबर कॅफेत सकाळपासून बसून होता, गावाकडची शेवटची एसटी पाचला होती आणि तोवर त्याला यादीच दिसली नव्हती. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

मग चूक कुठे झाली? रिपोर्ट खोटा नव्हता. टेस्ट खरंच झाली होती आणि खरंच पास झाली होती.

तेच हजार युजर, पण सहापट लोड

काही दिवसांनी एका जुन्या लॅपटॉपवर ती जेमीटरची स्क्रिप्ट सापडली. त्यात प्रत्येक युजर एक पान उघडल्यावर ३० सेकंद थांबेल, असा टायमर होता. ह्याला आमच्या क्षेत्रात 'थिंक टाइम' म्हणतात, म्हणजे माणूस पान वाचतो तेवढा वेळ. सूचना वाचणाऱ्या माणसासाठी ३० सेकंद बरोबर आहेत. पण यादीच्या दिवशी कोण ३० सेकंद थांबतो? लोक दर तीन सेकंदाला रिफ्रेश मारत होते.

आता हिशेब बघा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे, 'लिटल्स लॉ'. त्यावरून असं सूत्र निघतं: एका सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट = युजरची संख्या ÷ (रिस्पॉन्स टाइम + थिंक टाइम).

टेस्टमध्ये: १००० ÷ (२ + ३०) = सेकंदाला साधारण ३१ रिक्वेस्ट.
यादीच्या दिवशी: १००० ÷ (२ + ३) = सेकंदाला २०० रिक्वेस्ट.

(दुसऱ्या ओळीत रिस्पॉन्स टाइम दोनच सेकंद राहिला असं धरलंय. सर्व्हर दबला की तो वाढतो, पण किती लोड येऊ पाहतोय हे कळायला एवढं पुरतं.)

युजर तेवढेच, लोड मात्र सहापटीहून जास्त. आणि स्क्रिप्टमध्ये टायमर टाकलाच नाही, तर जेमीटर एक उत्तर आलं की लगेच पुढची रिक्वेस्ट पाठवतो. म्हणजे १००० ÷ २ = ५००. 'हजार युजर' ह्या दोन शब्दांचा अर्थ ३१ पण होतो, २०० पण होतो आणि ५०० पण होतो. कोणता, ते त्या पीडीएफमध्ये नव्हतं. ते फक्त त्या सिनियरच्या डोक्यात होतं.

त्या ओळीतला दुसरा शब्द 'सरासरी'. समजा १०० रिक्वेस्टपैकी ९५ रिक्वेस्टना ०.२ सेकंद लागले आणि ५ रिक्वेस्टना ८ सेकंद. सरासरी येते ०.५९ सेकंद. वाचायला छान वाटतं. पण ०.५९ सेकंद प्रत्यक्षात कोणालाच लागलेले नाहीत, आणि दर शंभरातल्या पाच जणांनी आठ सेकंद वाट बघितली आहे. म्हणून परफॉर्मन्सवाले लोक सरासरीपेक्षा ९५वा किंवा ९९वा पर्सेंटाइल बघतात. आता हेही जर कुठे लिहून ठेवलेलं नसेल, तर नवीन आलेली मुलगी सरासरीच बघणार. मी तेच केलं होतं.

ज्ञान असतं कुठे?

मायकेल पोलान्यी ह्या शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाने १९६६ च्या आपल्या पुस्तकात अव्यक्त ज्ञानाचा विचार मांडला. माणसाला जे येतं, ते सगळं त्याला शब्दांत सांगता येतंच असं नाही. आईला विचारा, भाजीत मीठ किती? ती म्हणेल, "अंदाजाने." पुढे नोनाका आणि ताकेउची ह्या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये, संस्थांमध्ये असं अव्यक्त ज्ञान व्यक्त कसं होतं आणि परत लोकांच्या अंगवळणी कसं पडतं, ह्याचं एक मॉडेल मांडलं. 'ज्ञान व्यवस्थापन' म्हणजे नॉलेज मॅनेजमेंटचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना हे नाव माहीत असेल.

परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये अंदाजाचा भाग बराच मोठा असतो. थिंक टाइम किती धरायचा, सर्व्हर 'गरम' व्हायला सुरुवातीची किती मिनिटं सोडून द्यायची (जावाचे प्रोग्रॅम सुरुवातीला हळू चालतात आणि कॅश रिकामी असते), डेटाबेसमध्ये किती नोंदी भरायच्या. दहा हजार नोंदी मेमरीत मावतात, पन्नास लाख कदाचित मावत नाहीत, आणि दोन्हींचे आकडे पूर्ण वेगळे येतात. अनुभवी माणूस हे ठरवतो, टेस्ट चालवतो आणि रिपोर्टमध्ये फक्त शेवटचा आकडा लिहितो.

म्हणजे प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतं. जियांग आणि हसन ह्यांनी २०१५ मध्ये लोड टेस्टिंगवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यांनी काम तीन टप्प्यांत बघितलं: लोड कसा असेल ते ठरवणं, टेस्ट चालवणं आणि निकालाचं विश्लेषण. ह्या तीन टप्प्यांवर काय गळतं ते मी माझ्या वहीत असं लिहिलं होतं:

ठरवताना गळतो तो 'का'. हाच थिंक टाइम का, हजारच युजर का, हा अंदाज कुठून आला.

चालवताना गळतं ते वातावरण. सर्व्हरची मेमरी, डेटाबेसचं व्हर्जन, त्याच वेळी त्या मशीनवर दुसरं काय चालू होतं.

विश्लेषण करताना गळते ती अट. "पास" म्हणजे कुठल्या मर्यादेच्या आत पास? ती मर्यादा कोणी ठरवली?

हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं समजू नका. अमेरिकेतली हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. एका वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाखांच्या आसपास, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. त्यात एक बारीक गोष्ट आहे. विम्याच्या योजना नुसत्या बघायच्या असल्या तरी आधी खातं उघडणं सक्तीचं केलं होतं. त्यामुळे नुसते बघायला आलेले लोकही खातं उघडण्याच्या एकाच दरवाजातून आत शिरायला लागले आणि तिथेच अडकले. खातं सक्तीचं करणं हा वापराबद्दलचा निर्णय होता, पण त्याने लोडचा आकारच बदलून टाकला. असा निर्णय आणि टेस्टमधला लोडचा अंदाज ह्यांच्यातलं नातं कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. माझं संशोधन ह्या नात्यांबद्दल आहे.

ऑन्टॉलॉजी: शब्द आणि त्यांची नाती

ऑन्टॉलॉजी हा शब्द घाबरवणारा आहे, कल्पना सोपी आहे. एखाद्या क्षेत्रात कोणत्या गोष्टी असतात आणि त्यांची एकमेकांशी नाती काय, हे मशीनला वाचता येईल इतक्या स्पष्टपणे लिहायचं. उदाहरणार्थ:

- प्रत्येक 'रन' एका 'वातावरणात' होतो.
- प्रत्येक रनला एक 'वर्कलोड' असतो. वर्कलोडला युजरची संख्या असते आणि थिंक टाइम असतो.
- 'मेट्रिक' रनमधून मोजलं जातं.
- 'निष्कर्ष' कुठल्यातरी रनवर आणि कुठल्यातरी 'मर्यादेवर' आधारलेला असतो.

तुम्ही म्हणाल, "मग एक्सेल शीट काय वाईट आहे?" काहीच वाईट नाही. एका माणसाच्या एका प्रोजेक्टला एक्सेलच वापरा. अडचण दोन ठिकाणी येते. एक, शब्द. एका टीमची 'लोड टेस्ट' ही दुसऱ्या टीमची 'स्ट्रेस टेस्ट' असते. सर्वसाधारणपणे अपेक्षित लोडखाली तपासणं म्हणजे लोड टेस्ट, आणि क्षमतेच्या पलीकडे रेटून कुठे मोडतं ते बघणं म्हणजे स्ट्रेस टेस्ट. पण रिपोर्टमध्ये लोक दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. दोन, साखळी. "डेटाबेसचं व्हर्जन बदललं, आता आपले कोणते जुने निष्कर्ष पुन्हा तपासायला हवेत?" ह्या प्रश्नासाठी व्हर्जनपासून वातावरण, वातावरणापासून रन आणि रनपासून निष्कर्ष असं चालत जावं लागतं. दहा शीटमध्ये हे हाताने करून बघा.

ह्या वाटेवर आधी काम झालेलं आहे, आणि बरंचसं ब्राझीलमध्ये. फ्रेइतास आणि व्हिएरा ह्यांनी २०१४ मध्ये खास परफॉर्मन्स टेस्टिंगसाठी ऑन्टॉलॉजी मांडली. डी सूझा, फाल्बो आणि विजयकुमार ह्यांनी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधल्या ज्ञान व्यवस्थापनाचा २०१५ मध्ये आढावा घेतला आणि टेस्टिंगसाठी 'रूस्ट' नावाची संदर्भ-ऑन्टॉलॉजी तयार केली. मी हे वाचलं तेव्हा आधी निराश झाले, "माझा विषय तर संपला!" गाईड मॅडम म्हणाल्या, "संपला नाही, सुरू झाला. आता तुला शब्द नव्याने घडवत बसायला नकोत." लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्हालाही हे होईल. घाबरू नका.

आधी प्रश्न, मग मॉडेल

मॅडमनी मला प्रोटेजे (ऑन्टॉलॉजी बनवायचं स्टॅनफर्डचं मोफत सॉफ्टवेअर) उघडूच दिलं नाही. म्हणाल्या, "आधी प्रश्नांची यादी आण." ह्या पद्धतीला नाव आहे: कॉम्पिटन्सी प्रश्न. ग्रुनिंगर आणि फॉक्स ह्यांनी १९९५ मध्ये ती मांडली. तुमच्या ऑन्टॉलॉजीला कोणत्या प्रश्नांची उत्तरं देता यायला हवीत, ते आधी साध्या भाषेत लिहायचं. ज्या संकल्पनेवाचून एकही प्रश्न अडत नाही, ती ठेवायची नाही.

माझ्या यादीतला पहिला प्रश्न होता: "हजार युजरचा हा निकाल कुठल्या थिंक टाइमसाठी खरा आहे?" तो कुठून आला ते तुम्हाला आता कळलं असेलच.

माझी चूक

सहा महिने काम केलं. ऑन्टॉलॉजी बनवली, तीत लॅबमधल्या दीडशेच्या आसपास रनची माहिती भरली. नियम लिहिला: "प्रत्येक रनच्या वर्कलोडला थिंक टाइम असतोच." मग रीझनर चालवला. रीझनर म्हणजे नियम आणि माहिती एकमेकांशी जुळतात का ते तपासणारा प्रोग्रॅम. उत्तर आलं: कुठेही विसंगती नाही. मी खूश. कॉन्फरन्सचा पेपरही अर्धा लिहून झाला.

प्रगती अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या सरांनी माझा तो पहिलाच प्रश्न मला विचारला. मी सगळ्यांसमोर क्वेरी चालवली. दीडशेपैकी साठेक रनचा थिंक टाइम आलाच नाही. मी तो भरलाच नव्हता.

मग रीझनर गप्प का बसला? कारण ऑन्टॉलॉजीची भाषा, आऊल, 'खुल्या जगाच्या गृहीतकावर' चालते. सोप्या भाषेत सांगते. रेल्वेच्या चार्टमध्ये तुमचं नाव नसेल तर तुम्हाला सीट नाही, विषय संपला. ते बंद जग. पण स्थळाच्या बायोडेटात भावाचा उल्लेख नसेल, तर भाऊच नाही असं आपण धरत नाही, लिहायचं राहिलं असेल म्हणतो. हे खुलं जग. आऊल बायोडेटासारखं वाचते. "प्रत्येक रनला थिंक टाइम असतो, इथे दिसत नाही, म्हणजे असेल काहीतरी, मला माहीत नाही." त्यात विसंगती काहीच नाही! माझा नियम माहिती भरली आहे का, हे तपासतच नव्हता. ज्या एका ओळीमुळे मी ह्या विषयात आले, तीच चूक मी साठ वेळा केली होती, आणि वर मशीनकडून शिक्का मारून घेतला होता.

उपाय होता. माहिती पूर्ण आहे का हे तपासण्यासाठी शॅकल नावाची वेगळी भाषा आहे, २०१७ पासून ती डब्ल्यूथ्रीसीचं मानक आहे. ती चार्टसारखी वाचते: थिंक टाइम नाही, म्हणजे चूक. शॅकलचे नियम लिहायला मला दोन दिवस लागले. पण गेलेला डेटा दोन दिवसांत परत येत नाही. ज्या रनच्या स्क्रिप्ट गिटमध्ये होत्या, त्यांचा थिंक टाइम स्क्रिप्टमधून काढता आला. उरलेल्या चाळीसच्या आसपास रनच्या स्क्रिप्ट मी त्याच फाइलवर बदलत गेले होते. त्या पुन्हा चालवाव्या म्हटलं, तर मधल्या काळात लॅबच्या सर्व्हरची मेमरी वाढवली होती. तेच वातावरण आता मिळणार नव्हतं. ते रन टाकून दिले. पेपरची तारीख गेली आणि प्रबंधातलं एक प्रकरण नव्याने करावं लागलं.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे प्रबंधात लिही." ते आता माझ्या पद्धतीच्या प्रकरणात आहे.

तुम्ही काय करू शकता

तुमचा विषय मातीचे नमुने असो, मुलाखती असोत की मशीन लर्निंग, ह्या गोष्टी आजपासून करता येतील.

१. डेटा गोळा करायच्या आधी दहा प्रश्न साध्या मराठीत लिहा, ज्यांची उत्तरं तुमच्या डेटातून मिळायला हवीत. गाईडना दाखवा.

२. पहिल्या पाच नोंदी झाल्या की थांबा आणि ते दहा प्रश्न विचारून बघा. मी दीडशे झाल्यावर विचारले.

३. प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहा: का, कुठल्या परिस्थितीत आणि कुठल्या मर्यादेशी तुलना करून.

४. जे मशीनला आपोआप नोंदवता येतं ते हाताने लिहू नका. माझी स्क्रिप्ट आता प्रत्येक रनबरोबर थिंक टाइम, मेमरी आणि व्हर्जन स्वतःच लिहून ठेवते. लांबलचक फॉर्म पहिले दोन आठवडे भरला जातो, नंतर मीसुद्धा भरत नाही.

५. "एरर आली नाही" आणि "सगळं आहे" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं सॉफ्टवेअर ह्यातलं नेमकं काय तपासतं, ते आधी विचारा.

ह्या सगळ्याने अव्यक्त ज्ञान संपतं असं मी म्हणणार नाही. मर्यादा दोन सेकंदांची ठेवायची की पाचची, हे अजूनही अनुभवी माणूसच ठरवतो. पण तो नोकरी सोडून गेला तरी, त्याने ते का ठरवलं होतं हे मागे उरायला हवं. नाहीतर पुढच्या यादीच्या दिवशी पुन्हा कोणीतरी सायबर कॅफेत बसून राहील आणि फोनवरच्या मुलीकडे त्याला द्यायला उत्तर नसेल.

पुढच्या लेखात कॉम्पिटन्सी प्रश्न कसे लिहायचे ते माझ्या यादीतली चांगली आणि फसलेली उदाहरणं घेऊन सांगेन. तोवर तुमचे दहा प्रश्न लिहून ठेवा.